सिंधुदुर्गात नवे उद्योग कसे येतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटांतल्या बायका, मुंबईत राहणारे चाकरमानी आणि जागा शोधत कोल्हापूर-पुण्याहून आलेले उद्योजक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्यांतले नियम आणि योजनांच्या मुदती बदलतात, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी तहसील कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात एकदा विचारून घ्या.

१. आंबा-काजू आहे, पर्यटन आहे. मग आणखी उद्योग हवेत कशाला?

२००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, कारण कमावता पुरुष मुंबईला. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्यात वर्षानुवर्षं पहिलं येतं आणि त्याच मुलांची पहिली नोकरी मुंबईत, पुण्यात नाहीतर गोव्यात असते.

आंबा-काजूचा हंगाम शिमग्याच्या आसपास भरात येतो आणि पावसाआधी संपतो. पर्यटक दिवाळीपासून मेपर्यंत येतात. आगोट, म्हणजे पावसाळा, लागली की पगार देणारं काम जवळजवळ थांबतं. हे चार महिने भरून काढणारं, बारमाही काम गावात हवं, एवढंच या खटाटोपामागचं कारण आहे.

२. रेल्वे झाली, महामार्ग झाला, विमानतळही झाला. तरी उद्योग का येत नाहीत?

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या जिल्ह्यात बऱ्याच अंशी चौपदरी झाला आहे. चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं, पण तिथली विमानसेवा सलग टिकलेली नाही. त्यामुळे पाहुणा आपल्याकडे पोहोचतो. माल बाहेर जाणं मात्र अजून कष्टाचं आहे. कोल्हापूरची बाजारपेठ नकाशावर जवळ दिसते, तरी मध्ये करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत आणि पावसाळ्यात दरड कोसळली की ट्रक अडकतो. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाला मंजुरी मिळून कितीतरी वर्षं झाली, गाडी अजून कागदावरच आहे.

तरीही माझ्या अनुभवात रस्त्यामुळे परत गेलेले उद्योजक थोडे. बहुतेक जण परत गेले ते जागेच्या कागदांमुळे (प्रश्न ६) आणि उत्तर न मिळाल्यामुळे. एक गृहस्थ फळप्रक्रियेसाठी दोन एकर शोधत आले होते. जागा आवडली, भावही जमला. त्या जागेकडे जाणारी पाणंद कोणाच्या नावावर आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तीन महिने ते विचारत राहिले. गावात प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. शेवटी त्यांनी घाटमाथ्यावर शेड घेतली. आजही आपल्याकडचा माल तिकडे जातो आणि बाटलीत भरून परत आपल्याच दुकानांत येतो. मला ही गोष्ट आठवली की अजून वाईट वाटतं, कारण तो प्रश्न तलाठी कार्यालयात अर्ध्या दिवसात सुटला असता.

३. एखादी मोठी कंपनी आणली तर सगळेच प्रश्न एकदम सुटतील ना?

मला तसं वाटत नाही, आणि जिल्ह्याचा अनुभवही तसा नाही. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड या समुद्री पर्यटन प्रकल्पाची घोषणा झाली, गावाने विरोध केला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. शेजारच्या रत्नागिरीत नाणारच्या रिफायनरीचं भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झालं. २०१० मध्ये तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्याच काही काळ थांबवल्या होत्या.

प्रत्येक मोठ्या घोषणेबरोबर गावात दोन तट पडतात, दलाल जमिनी घेऊन ठेवतात, भाव चढतात आणि घोषणा विरली तरी चढलेला भाव खाली येत नाही. मग ज्या मुलाला दहा गुंठ्यांत काजूची भट्टी टाकायची असते, त्याला ते दहा गुंठे परवडत नाहीत. दहा-पंधरा माणसांना काम देणारे पन्नास कारखाने वेगवेगळ्या वाड्यांत उभे राहिले, तर त्यातले पाच बुडाले तरी जिल्हा हलत नाही. मोठ्याला माझा सरसकट विरोध नाही. पण त्याची वाट पाहत लहानांना ताटकळत ठेवणं मला मान्य नाही.

४. मग इथे कुठल्या प्रकारचे उद्योग टिकतात?

ज्याचा कच्चा माल इथला आहे, जो वाहतुकीत नासतो किंवा जागा खातो, आणि ज्याला पाणी बेताचं लागतं, असे.

काजूचंच घ्या. बी फोडून गर काढण्याचे कारखाने गावोगावी आहेत. पण गर डब्यात भरून स्वतःच्या नावाने विकणारे त्यांच्यात कमी, बरेच जण मोठ्या व्यापाऱ्याला सुटा माल देतात. टरफलापासून तेल निघतं, ते रंग आणि ब्रेक-लायनिंगच्या उद्योगाला लागतं. आणि बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ? बागेत त्याचा सडा पडून वाया जातो. गोव्यात त्याच फळाची फेणी होते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशातल्या मालापुरतं राखीव नाव, आहे. आपल्याकडे बोंडूपासून मद्य करायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. सरबत, सिरप, पशुखाद्य यांना तो लागत नाही. मात्र बोंडू झाडावरून पडला की काही तासांत आंबायला लागतो, म्हणून कारखाना बागेपासून जवळच हवा. हा उद्योग मुंबईत हलवता येणार नाही, आणि तीच आपली जमेची बाजू.

रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, तसंच. आगळ (खारवलेला रस) आणि आमसुलं (वाळवलेली सालं) करणाऱ्या बायकांची सगळी धडपड मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत सालं वाळवायची. वळवाचा एक पाऊस आला की खळ्यातला माल गेला. गावात एक सामायिक ड्रायर असेल तर तीच बाई दुप्पट फळ हाताळू शकते. नवा उद्योग म्हटल्यावर आपल्याला कारखाना आठवतो. भाड्याने ड्रायर चालवणं, शीतगृह चालवणं, बाटल्या-डबे पुरवणं हेही उद्योगच आहेत, आणि त्यांच्यामुळे आधीचे वीस उद्योग वाढतात.

बांबूचं उदाहरण आवर्जून सांगतो. आपल्याकडचा माणगा बांबू भरीव आणि सरळ. पूर्वी तो काठ्यांसाठी कवडीमोलाने जायचा. २००४ मध्ये कुडाळला कॉनबॅक ही संस्था सुरू झाली. तिने त्याच बांबूची घरं, छपरं, फर्निचर करायला घेतलं आणि इथल्या मुलांना ते कसब शिकवलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा तर त्याहून कितीतरी जुनी. हातातलं कसब असलेला उद्योग सहजासहजी गाव सोडून जात नाही.

किनाऱ्यावर खेकडेपालन, कालवं, शोभिवंत मासे असे पर्याय आहेत. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून त्यासाठी उपजीविका योजना चालवली आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. मासेमारीच्या अडचणींसाठी प्रश्न १४ पाहा.

५. आमच्या ग्रामपंचायतीने नेमकं काय करायचं? आमच्याकडे पैसे तर नाहीत.

पैशांआधी एक फाइल तयार करा. गावात उद्योगाला देण्याजोग्या तीन-चार जागा निवडा, खासगी असोत वा ग्रामपंचायतीच्या, आणि प्रत्येकीचे कागद जमवा: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, प्रादेशिक योजनेत ती कोणत्या विभागात पडते याचा दाखला. रस्ता किती फुटांचा आहे, त्यावरून दहाचाकी ट्रक वळतो का, जवळचा ट्रान्सफॉर्मर किती अंतरावर आहे, थ्री-फेज लाइन आहे का, हे प्रत्यक्ष बघून लिहा.

पाण्याची नोंद मे महिन्यात घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात काही वाड्यांवर टँकर जातो. ऑगस्टमध्ये तुडुंब भरलेली विहीर दाखवून उद्योजकाला आणलंत तर पुढच्या मेमध्ये तो आणि वाडी समोरासमोर उभे राहतील. विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहायला खर्च येत नाही. दोन वर्षांची अशी वही ज्या गावाकडे असेल, त्या गावाशी उद्योजक आदराने बोलतो, हे मी पाहिलं आहे.

मग एक माणूस ठरवा. सरपंचच हवा असं नाही. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, शिकलेली एखादी मुलगी, कोणीही चालेल, फक्त फोन उचलणारा आणि आठवड्याच्या आत उत्तर देणारा हवा. उत्तर "नाही" असलं तरी द्यावं. चौकशीला आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवा आणि जो गेला त्याला का गेलात हे विचारा.

आणि बाहेरच्याला शोधण्याआधी गावात जे आधीच धंदा करतात, त्या गिरणीवाल्याकडे, काजूवाल्याकडे, पापड-लोणच्याच्या गटाकडे जा. तुम्हाला वाढायला काय आडवं येतंय, हे त्यांना विचारा. बहुधा वीज, नाहीतर बँक, नाहीतर जागा. ते दूर झालं तर एक-दोन नोकऱ्या लगेच तयार होतात. शिवाय नवा माणूस गावात आला की तो पहिल्यांदा याच लोकांना विचारतो, "इथे धंदा करणं कसं आहे?"

६. जागा आहे, पण सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत. ती उद्योगाला कशी द्यायची?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस मुंबई, ठाणे, बडोद्याला, काहींची नोंद झालेली, काहींची नाही. वहिवाट एकाची, नाव सगळ्यांचं.

आधी वारसनोंदी पूर्ण करा. त्या झाल्याशिवाय पुढचं काहीच कायदेशीर टिकत नाही. सगळे सहमत असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करतं. सगळे मालक एकाच वेळी गावात असतात ते गणपतीत आणि शिमग्याला. म्हणून त्या आठवड्यासाठी कागद आधीपासून तयार ठेवा. गौरीच्या जेवणानंतर ओटीवर बसून झालेली सहमती मी पाहिली आहे, आणि वर्षभर फोनवर न झालेली सहमतीही.

वाटप होत नसेल तर विक्रीऐवजी भाडेपट्टा सोपा जातो, कारण जमीन घराण्यातच राहते. इथे एक जुनी भीती आडवी येते. कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली) यांची आठवण कोकणातल्या घराघरात आहे. दुसऱ्याला जमीन दिली की ती गेली, असं आजी-आजोबांनी सांगून ठेवलेलं असतं. तो कायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी आहे. औद्योगिक वापरासाठी, ठरावीक मुदतीचा, नोंदणी केलेला करार वेगळा असतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो आणि त्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. एका भावाने सगळ्यांच्या वतीने तोंडी दिलेला शब्द कामाचा नाही. मसुदा वकिलाकडून करून घ्या, तिथे काटकसर नको.

७. मी शेतकरी नाही. मला इथे उद्योगासाठी जमीन घेता येईल का?

शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात साधारणपणे शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी मात्र कूळ कायद्याच्या कलम ६३-१अ मध्ये सवलत आहे. जमीन नियोजनात औद्योगिक वापराला मुभा असलेल्या विभागात असेल तर पूर्वपरवानगीशिवाय खरेदी करता येते. क्षेत्र १० हेक्टरपेक्षा जास्त असेल तर विकास आयुक्त (उद्योग) यांची परवानगी लागते. ठरलेल्या मुदतीत उद्योग सुरू केला नाही तर जमीन परत जाऊ शकते. उद्योगाच्या नावाखाली बंगल्याला जागा घेऊन ठेवणाऱ्यांसाठी ही अट आहे आणि ती मला योग्य वाटते. आधीच बिनशेती झालेली जागा किंवा एमआयडीसीचा भूखंड (प्रश्न ८) घेतला तर हा सगळा प्रश्नच येत नाही.

८. एमआयडीसीत जावं की गावात?

कुडाळची एमआयडीसी जुनी आहे. महामार्ग आणि रेल्वे स्थानक दोन्ही जवळ. दोडामार्ग तालुक्यात आडाळीची नवी आहे. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो, मालकी हक्काची कटकट नसते, आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं. यंत्रांचा आवाज, सांडपाणी किंवा जड वाहतूक असेल तर तिथेच जा. ताज्या फळावर किंवा माशावर चालणारा, पाच-दहा माणसांचा उद्योग असेल तर बाग आणि बंदर यांच्या जवळ राहिलेलं बरं.

९. अनुदान किती मिळतं?

लोक हा प्रश्न पहिला विचारतात, मी मुद्दाम नववा ठेवला. अनुदान बघून धंदा निवडलेले बरेच जण नंतर अडकलेले पाहिले आहेत.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक आदींना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. उत्पादनात १० लाखांवरच्या आणि सेवेत ५ लाखांवरच्या प्रकल्पाला किमान आठवी पास असावं लागतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. मोठ्या गुंतवणुकीसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात तालुक्यांचे गट पाडलेले असतात आणि मागे राहिलेल्या तालुक्यांना सवलत जास्त असते.

लक्षात ठेवा, यातल्या पहिल्या तिन्ही योजना बँकेच्या कर्जाला जोडलेल्या आहेत. बँक "हो" म्हणाली तरच अनुदान. ते आधी हातात येत नाही आणि काही काळ बँकेत अडकून राहतं. खेळतं भांडवल वेगळं हवं. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

१०. समुद्रकिनारी माझी जागा आहे. तिथे काय करता येईल?

आधी जिल्ह्याच्या किनारा व्यवस्थापन आराखड्यावर तुमचा सर्व्हे नंबर बघा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, नाहीतर २०० मीटर. आपल्या जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे, म्हणजे बहुतेक गावं दुसऱ्या भागात पडतात असं धरून चाला. मालवण, वेंगुर्ल्यासारख्या नगरपरिषदांच्या हद्दीत नियम वेगळे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती आणखी ५० मीटर मोकळे सोडावे लागतात. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे.

ना-विकास पट्ट्यातही, भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून, परवानगीने तात्पुरत्या पर्यटन सोयी करता येतात. सिमेंटचा पाया आला की ती तात्पुरती राहत नाही. "आधी बांधू, मग बघू" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पाडायची नोटीस तुमच्या नावाने येते.

११. होमस्टे म्हणजे उद्योग धरायचा का?

जरूर. जिल्ह्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित केलं, त्याचा सर्वात थेट फायदा ज्या घरांना झाला ती घरं होमस्टेवाल्यांची. आहे त्या घरात, जोतं न वाढवता आणि रूप न बदलता, स्थानिकांना सीआरझेडमध्येही होमस्टे करता येतो. शेतावर करायचं तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण पाहा, त्यात किमान १ एकर शेतीची अट आहे. पण एकाच वाडीत पंधरावा होमस्टे काढण्याआधी विचार करा. चौदा घरांना चादरी धुऊन देणारी लाँड्री, मासळी-भाजी पोहोचवणारी गाडी किंवा पावसाळ्यात घरांची देखभाल करणारी टोळी जास्त चालेल.

१२. मी मुंबईत नोकरी करतो. गावी परत यायचंय. नोकरी सोडून येऊ का?

लगेच नको. आधी एक अख्खा पावसाळा गावात राहून बघा. मे महिन्यातलं आणि गणपतीतलं गाव म्हणजे वर्षभराचं गाव नव्हे. वीज किती जाते, इंटरनेट टिकतं का, मुलांची शाळा, घरातल्या म्हाताऱ्यांचा दवाखाना, हे जुलैत कळतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. गंभीर रुग्णाला आजही अनेकदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं.

हे घाबरवायला सांगत नाही. परत येणाऱ्या माणसाकडे शहरातल्या ओळखी, गिऱ्हाइकाची पारख आणि थोडी पुंजी असते, जी गावात दुर्मीळ आहे. तुम्ही यावंच असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच पहिल्या वर्षी दादरला किंवा डोंबिवलीला बसून भावाच्या घरचा माल विकून बघा. गिऱ्हाईक तयार झालं की या. घरून काम करायची मुभा असेल तर तेही या जिल्ह्यासाठी नव्या उद्योगाइतकंच मोलाचं आहे, कारण पगार इथे खर्च होतो आणि मूल इथल्या शाळेत जातं.

१३. उद्योग काढला, पण कामाला माणसं मिळत नाहीत. ते कसं?

बेकारीही आहे आणि माणूसही मिळत नाही, हे दोन्ही खरं आहे. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत, बांधकामावर परराज्यातले कामगार. आपली मुलं दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जातात. तिथे ठरलेल्या तारखेला पगार आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो. इथे हंगामापुरतं, रोजावर, "ये उद्या" म्हणून बोलावणं होतं. पगार गोव्याइतका देता आला नाही तरी वाचलेलं पेट्रोल आणि घरचं जेवण तुमच्या बाजूने असतं. बारमाही काम आणि वेळेवर पगार दिलात तर मुलं थांबतात. बायकांसाठी एसटीच्या वेळेला जुळणारी पाळी ठेवा. वाडीवर जाणारी शेवटची गाडी साडेपाचची असेल तर सहाला सुटणाऱ्या कारखान्यात कोणी येणार नाही.

१४. मासळीच्या धंद्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराला आणावं का?

प्रक्रिया, बर्फ, शीतसाखळी, जाळी-इंजिन दुरुस्ती यांत आणावं. मासे पकडण्यात आणताना शंभरदा विचार करावा. पर्ससीन (यांत्रिक बोटीतून मोठ्या जाळ्याने मासे घेरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला ताण मालवणच्या किनाऱ्याने खूप सोसला आहे. त्यात मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथले नियम वेगळे. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे प्रक्रिया कारखान्याला ते दोन महिने भागवायची सोय आधीच करायला हवी.

१५. आमचा माल हापूस, वेंगुर्ला काजू किंवा कोकम आहे. मानांकनाचं नाव पाकिटावर लावू ना?

नुसतं इथे पिकलं म्हणून लावता येत नाही. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, वेंगुर्ला काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमालाही आहे. पण नाव वापरायला प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती नोंदणी ज्या संस्थेच्या नावावर मानांकन आहे तिच्यामार्फत होते. बाहेरचा कच्चा काजू आणून इथे फोडला तर त्यावर वेंगुर्ल्याचं नाव घालणं फसवणूक आहे आणि त्याने खऱ्या बागायतदाराचा भाव पडतो.

१६. आमच्या जमिनीवर "वनसंज्ञा" किंवा "कबुलायतदार गावकर" लिहिलंय. तिथे उद्योग होईल का?

आज तरी त्या जागेवर योजना आखू नका. वनसंज्ञेच्या नोंदीखालची, म्हणजे कागदोपत्री वन धरलेली, जमीन वनेतर कामाला वापरायची तर वन कायद्याची परवानगी लागते. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर, म्हणजे संस्थानकाळापासून गावकऱ्यांकडे सामायिक असलेल्या, जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वन्यजीव कॉरिडॉरच्या गावांत उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. तिथे झाड तोडण्याआधीच वन विभागात जा. या गावांनी हात बांधून बसावं असं नाही. मध, रानभाज्या, जांभूळ-करवंदावरची प्रक्रिया, पक्षी-फुलपाखरं दाखवणारे वाटाडे, यांना जंगल उभंच लागतं.

१७. उद्योजक यायला तयार आहे, पण गावाचा विरोध आहे. काय करावं?

विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. बहुतेक विरोधामागे पाणी, सांडपाणी, दुर्गंध, स्मशानाची किंवा देवराईची जागा, जुनी वाट असं काहीतरी ठोस असतं. उद्योजकाला ग्रामसभेत स्वतः उभं करा. प्रतिनिधी नको, मालक हवा. रोज किती लिटर पाणी लागेल, कुठून घेणार, वापरलेलं पाणी कुठे सोडणार, गावातल्या किती जणांना कोणत्या कामावर आणि किती पगारावर घेणार, हे त्याने मालवणीत नाहीतर साध्या मराठीत सांगावं आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरव्या, पांढऱ्या यांपैकी कोणत्या वर्गात त्याचा उद्योग येतो, हेही त्यालाच विचारा.

सभा मे महिन्यात किंवा गणपतीत घ्या, म्हणजे चाकरमान्यांचं म्हणणंही तिथेच ऐकता येईल आणि मागाहून मुंबईहून तक्रारअर्ज येणार नाही. एवढं करूनही गाव "नाही" म्हणालं, तर त्या उद्योजकाला प्रश्न ५ मधल्या फाइलवरून शेजारच्या गावाचा फोन नंबर द्या.